ज्याची गॅलरी त्याची मिरवणूक

लक्ष्मी रस्त्यावर ज्याच्या घराला गॅलरी आहे, त्याला पुण्यात नातेवाइकांची टंचाई कधी भासत नाही. वर्षातले अकरा महिने हा माणूस एकटाच असतो. नळाला पाणी नाही, जिन्यातला दिवा गेला, खालच्या साड्यांच्या दुकानाने येण्याजाण्याच्या वाटेत पुतळे उभे केले, तरी चौकशीला कुणी फिरकत नाही. श्रावण संपत आला की मात्र फोन सुरू होतात. "बऱ्याच दिवसांत बोलणं नाही." "काकांचा गुडघा काय म्हणतोय?" गुडघ्याची सविस्तर माहिती घेऊन झाली की फोन ठेवता ठेवता, अगदी सहज, प्रश्न येतो, "यंदा अनंत चतुर्दशी कधी आहे हो?" ज्या घरात पंचांग आहे, भिंतीवर दिनदर्शिका आहे आणि माणशी एक मोबाइल आहे, त्या घरातून हा प्रश्न येतो.

अशी एक गॅलरी माझ्या बायकोच्या मावशींकडे आहे. लग्नाला होकार देताना मला ती ठाऊक नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. सासरच्या मंडळींना ते अजून पटलेलं नाही.

आम्ही राहतो मुळशी तालुक्यात, पिरंगुटला. फ्लॅट घेताना माहितीपत्रकात छापलं होतं, 'डेक्कनपासून अवघ्या वीस मिनिटांवर'. ते खोटं म्हणता येणार नाही. किती वाजता आणि कोणत्या वाहनाने, एवढंच छापायचं राहून गेलं होतं. माझ्या अंदाजाने रात्री अडीच वाजता, अँब्युलन्सने. एरवी आम्हाला पुण्याचं काही अडत नाही. पण विसर्जन मिरवणूक आली की घरात कुजबुज सुरू होते. कारण ती फुकट आहे.

फुकट म्हणजे खरोखरच फुकट. सकाळी मंडईतल्या टिळक पुतळ्यापाशी सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी दुपार कलेपर्यंत, अठ्ठावीस-तीस तास, पुणं रस्त्यावर असतं. लक्ष्मी, केळकर, कुमठेकर, टिळक अशा चारही रस्त्यांवर. नगारा, सनई, बँड, ढोल, ताशा, झांजा, लेझीम, मर्दानी खेळ, रस्ताभर रांगोळ्या. फ्रान्सच्या सरकारने १९८२ साली ठरवलं की दरवर्षी २१ जूनला लोकांनी रस्त्यावर येऊन फुकट गावं-वाजवावं. आता जगभर तो दिवस पाळतात. आमच्याकडे हे आधीपासून चाललंय. किती आधीपासून, ते मात्र विचारू नका. लोकमान्यांनी १८९३ साली सुरू केलं म्हणून महापालिकेने २०१७ साली सव्वाशे वर्षांचा सोहळा मांडला, तर भाऊसाहेब रंगारींचा गणपती १८९२ चा, म्हणजे हे एकशे सव्विसावं, असं म्हणत मंडळ उभं राहिलं. उत्सवाचं वय किती यावर भांडण झाल्याशिवाय तो पुण्याचा उत्सव आहे हे सिद्ध कसं होणार?

तर तिकीट नाही. पण तिकीट नाही म्हणजे पुढच्या रांगेचंही तिकीट नाही, आणि सगळा घोळ इथून सुरू होतो. पैसे मोजून पुढे बसायची सोय असती, तर खिशाकडे बघून माणूस गुमान मागे बसला असता. "परवडत नाही" म्हणण्यात एक प्रतिष्ठा आहे. फुकटाच्या ठिकाणी मात्र मागे उभं राहावं लागणं म्हणजे आपली कुठे ओळख नाही, हे चारचौघांत जाहीर होणं. म्हणून तर दिवाळी पहाटेच्या फुकट गाण्याच्या प्रवेशिका मिळवायला लोक भल्या सकाळी रांग लावतात, आणि मग रांगेत उभं न राहता प्रवेशिका मिळवणाऱ्याचा हेवा करतात. गाणं कुणाचं आहे ते पहाटे तिथे गेल्यावर कळतं.

आमच्या मुळशीकरांना फुकट करमणुकीचं वावडं आहे असा कुणाचा समज असेल तर त्याने चांदणी चौकातला पूल आठवावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्यरात्रीनंतर, सहाशे किलो स्फोटकं लावून तो जुना पूल पाडायचा होता. पोलिसांनी परिसर रिकामा केला होता. रिकामा केलेला परिसर जिथे संपतो तिथून पुढे जत्रा भरली होती. लोक स्वेटर घालून, पोरांना खांद्यावर घेऊन, काही तर थर्मासमध्ये चहा घेऊन आले होते. धडाका झाला, धुळीचा डोंगर उठला, धूळ खाली बसली, तर पुलाचा काही भाग जागच्या जागी. उरलेलं काम यंत्रांनी केलं. वन्स मोर मिळवायची सोय कलाकारानेच करून ठेवलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

आता त्या जागी नवे पूल, रॅम्प आणि वळणं आहेत. बावधनला निघालेला पाहुणा तिथून मुंबईकडे कसा लागतो आणि तळेगावच्या आसपास फोन करून रस्ता कसा विचारतो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. विसर्जनाच्या दिवशी आम्ही वनाजपर्यंत गाडीने जातो आणि पुढे मेट्रोने. वनाजला गाडी लावायला जागा शोधण्यात जो वेळ जातो तेवढ्यात पिरंगुटहून चालत निघालेला माणूस अलका टॉकीजला पोचून भेळ खात असतो. गाडी शेवटी एका मोकळ्या प्लॉटवर लागते. त्या प्लॉटला त्या एका दिवसापुरता एक मालक फुटतो आणि तो शंभर रुपये घेतो. शिवाय बायकोला नवी पैठणीच्या काठाची ओढणी, मुलाला पांढरा कुर्ता, मावशींसाठी पेढे. फुकट मिरवणूक आम्हाला साधारण महाबळेश्वरच्या भावात पडते.

मावशींचा वाडा जुना. गॅलरी दुसऱ्या मजल्यावर, लाकडी, सव्वातीन फूट रुंद. खाली पाच तुळया आहेत आणि त्यांतल्या एकीवर मावशींचा भरवसा नाही. त्यामुळे "एका वेळी आठ माणसं, आणि धाकट्या वन्सं आल्या तर सहा," असा नियम आहे. धाकट्या वन्संना हा नियम अजून कुणी समजावून सांगितलेला नाही.

जागावाटपही ठरलेलं. कठड्याला रक्ताची नाती. त्यांच्यामागे लग्नाची नाती. दाराच्या चौकटीत शेजारी, आणि आत पलंगावर उभे राहून 'ओळखीचे'. मी मावशींच्या भाचीचा नवरा. म्हणजे दुसऱ्या रांगेत, तेही डाव्या कोपऱ्यात, खांबामागे. ढोल मी पुष्कळ ऐकले. पाहिले ते फक्त ध्वज, आणि तेही उंच नाचवले तर. खाली कुणी जोरदार ध्वज फिरवला की मी आत पलंगावरच्यांना वर्णन करून सांगतो. महाभारतात संजयाला निदान दिव्यदृष्टी तरी होती.

२०२३ पासून मावशींच्या वेळापत्रकाचा बोजवारा उडाला. पूर्वी त्यांच्याकडे दोन पाळ्या होत्या. मानाचे पाच गणपती बघायला येणारे सकाळपाळीचे नातेवाईक, आणि दगडूशेठचा बघायला उत्तररात्री येणारे रात्रपाळीचे. सकाळपाळीला पोहे, रात्रपाळीला कॉफी. दोन्ही पाळ्यांचं आपसांत बोलणं नव्हतं, त्यामुळे ही व्यवस्था फार सोयीची होती. त्या वर्षी दगडूशेठचा गणपती दुपारी चार वाजताच मिरवणुकीत निघाला आणि दिवस मावळून फार वेळ होण्याआधी विसर्जनही झालं. भाविकांची उत्तम सोय झाली. मावशींच्या स्वयंपाकघरात मात्र चार वाजता, इस्टेटीच्या वादात एकमेकांवर नोटिसा बजावलेल्या दोन शाखा एकाच कढईसमोर उभ्या राहिल्या.

पुढे एका वर्षी अशाच गडबडीत कठड्याच्या ऐन मध्यावर एक गृहस्थ उभे होते. सकाळपासून होते. भरदार मिश्या, खांद्यावर उपरणं. कसबा पहिला, तांबडी जोगेश्वरी दुसरा, गुरुजी तालीम तिसरा, तुळशीबाग चौथा, केसरीवाडा पाचवा, असं ते मुलांना बोटं मोजून शिकवत होते. देवळणकरांचा नगारा आला तेव्हा त्यांनी सगळ्यांना गप्प बसवलं. पोहे दोनदा घेतले, दुसऱ्या वेळी लिंबू मागून घेतलं. माझं कोपर लागलं तेव्हा "जरा भान ठेवा हो," म्हणाले. मी वरमून खांबामागे गेलो. दुपारी मावशींनी मला हळूच बाजूला घेतलं.

"ते तुमच्याकडचे ना?"

"छे! मला वाटलं काकांकडचे."

काकांना विचारलं. काका म्हणाले, "मी तर समजत होतो हे जावईबापूंचे मोठे भाऊ. म्हणून मी काही बोललो नाही."

शेवटी खुद्द त्यांनाच विचारायचं ठरलं. ते काम अर्थातच लग्नाच्या नात्याकडे आलं. गृहस्थ अजिबात गोंधळले नाहीत. "माझं कुणी नाही इथे," म्हणाले. "जिन्यात चप्पल शोधत होतो. दार उघडं दिसलं. आलो. तुमच्या वहिनींनी पोहे दिले, मग निघणं बरं दिसेना." आणि पुन्हा रस्त्याकडे वळून, "हं, आता प्रभात बँड येईल बघा," असं म्हणाले. त्यांना कुणी उठवलं नाही. त्यांच्याइतकं माहीतगार आमच्या रक्ताच्या नात्यात कुणी नव्हतं.

उठवलं ते मला. मावशींना साखर कमी पडली. "अहो, तसंही तुम्हाला तिथून काही दिसत नाही," असं बायको म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात तथ्य होतं. मी खाली उतरलो, गल्लीतल्या वाण्याकडून दोन किलो साखर घेतली आणि परत फिरलो, तर लक्ष्मी रस्त्यावर ज्या जागी मी रस्ता सोडला होता त्या जागी माणसांची भिंत होती. मी "जरा जाऊ द्या, वर घर आहे," म्हटलं.

"सगळ्यांचंच वर घर आहे, काका," एक पोरगा म्हणाला.

त्यानंतर मी कुठे गेलो यात माझा काही हात नव्हता. पायही नव्हते, ते बराच वेळ जमिनीला लागले नाहीत. साखर छातीशी धरून मी गर्दीच्या मर्जीने चाललो होतो. पुढे एकाने स्टूल आणलं होतं आणि तो त्यावर उभा होता. त्याच्या मागे उभ्या असलेल्याने त्याला शिव्या दिल्या आणि मग "पाच मिनिटं मला द्या," म्हणून तोच स्टुलावर चढला. चढल्यावर त्याने मागच्यांकडे बघणं सोडून दिलं. सगळ्यांचे हात वर आणि हातांत मोबाइल. माझ्या पुढच्या माणसाच्या मोबाइलमध्ये त्याच्या पुढच्या माणसाचा मोबाइल दिसत होता आणि त्यात पथक दिसत होतं, साधारण तांदळाच्या दाण्याएवढं. शेजारी एक आजोबा सुनेला सांगत होते, "पूर्वीची मजा राहिली नाही." पूर्वीची कोणत्या वर्षीची, हे सुनेने विचारलं नाही. ती समंजस होती.

एवढ्यात "सर! ओ सर! हिकडं!" अशी हाक आली. आमच्याकडे दूध घालणारे आबा! पिरंगुटपासून तीन गावं पलीकडे त्यांचं गाव. आज शहरात शंभराच्या वर ढोल-ताशा पथकं आहेत, इंजिनियर पोरं-पोरी कमरेला ढोल बांधून वाजवतात, ज्ञानप्रबोधिनी-रमणबागेसारख्या शाळांनी तो नाद शहराला लावला. पण त्याही आधी मिरवणुकीत ढोल-लेझीम घेऊन यायची ती मुळशी-मावळातली गावं. आबा तरुणपणी ढोल घेऊन ट्रकमधून यायचे. वाजवून झालं की जिलबी आणि ट्रकमध्येच झोप. आता त्यांचा पुतण्या पेठेतल्या एका पथकात आहे आणि आबा त्या पथकाच्या दोराच्या आत उभे होते.

दोराच्या आत! पथकाभोवती मोठा दोर धरून पोरं चालतात आणि त्या चौकोनात गर्दी शिरू शकत नाही. मिरवणुकीत यापेक्षा मोठा मान फक्त गणपतीला. आबांनी माझ्या दंडाला धरून मला खेचलं आणि मी दोराखालून आत गेलो. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मला मिरवणुकीत ओळखीचा फायदा झाला होता. बाहेरच्या लोकांकडे मी किंचित दयेने पाहिलं.

"आता सर, हे धरा," आबा म्हणाले आणि त्यांनी दोर माझ्या हातात दिला. "पोरगं च्या प्यायला गेलंय. आलंच."

दोर धरणाऱ्याचं तोंड गर्दीकडे असतं. पाठ ढोलांकडे. माझ्या पाठीमागे तीनेक हातांवर चाळीस-पन्नास ढोल पहिल्या हातावरून दुसऱ्या हातावर जात होते, ताशा तडतडत होता, टोल घणघणत होता, फासळ्या हलत होत्या, आणि मला दिसत होती माझ्यावर डाफरणारी माणसं. मीही डाफरलो. "मागे व्हा! मागे व्हा म्हणतो ना!" अर्ध्या तासापूर्वी मला हेच ऐकावं लागलं होतं. दोर हातात आला की माणसाचा आवाज आपोआप सुधारतो.

"पोरगं कधी येणार?" मी ओरडून विचारलं.

"आलंच," आबा ओरडले. मग माझ्या कानाशी येऊन त्यांनी हरित लवादाचा विषय काढला. २०२४ साली लवादाने एका पथकात तीसच माणसं असावीत असा आदेश दिला होता आणि विसर्जनाच्या तोंडावर सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. आबांना तो आदेश मुळातच पटलेला नव्हता. "तीस माणसांत काय व्हतंय सर? धा दोराला, धा पाण्याला, पाच फोटू काढाया. वाजवायचं कुणी?"

पोरगं आलं ते उंबऱ्या गणपती चौक मागे पडल्यावर. तोवर मोबाइल वाजला.

"अहो, दिसलात!" बायको आनंदाने ओरडत होती. "आमच्या गॅलरीखालूनच गेलात! सगळ्यांनी पाहिलं तुम्हाला. मावशी म्हणाल्या, हातात पिशवी घेऊन हे पथकात काय करतायत? आणि ते मिश्यावाले गृहस्थ म्हणाले, दोर चुकीचा धरलाय."

साखर घरी पोचेपर्यंत बिनसाखरेची कॉफी पिऊन दोन्ही शाखा निघून गेल्या होत्या. मावशींनी पिशवी घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुम्ही पलंगावर उभे राहा."

आबांना माझी कीव आली असावी. "सर, चैत्रात आमच्या यात्रेला या. फुकाट हाय आन् दोर नाय."

गावची यात्रा म्हणजे पहाटे अभिषेक, दुपारी कुस्त्या, रात्री पालखी-छबिना आणि लोकनाट्य तमाशा. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पंच तिथे जाऊन, मान हलवत, उठून जायचं नाटक करत सुपारी ठरवतात आणि पैसे वर्गणीतून देतात. त्यामुळे बघणाऱ्याला फुकट. फ्लेक्सवर छापलं होतं, 'रात्री ठीक आठ वाजता'. त्याखाली आजी, माजी आणि भावी सरपंचांचे फोटो होते. आजी एक, माजी तीन आणि भावी सहा.

दोर खरंच नव्हता. सोफे होते. रंगमंचासमोर पांढरे अभ्रे घातलेल्या सोफ्यांची एक रांग, प्रत्येक हातावर पाण्याची बाटली. मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या. त्याच्या मागे ताडपत्री, आणि त्याच्याही मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, झाडं, शाळेची भिंत. सोफ्याला तिकीट नसतं. त्याला बोट लागतं. कमिटीतल्या कुणीतरी दुरून बोट करून "या, म्होरं या" म्हणावं लागतं. बोट होईपर्यंत गावातली वजनदार माणसं सोफ्याकडे पाठ करून, आपल्याला बसायचंच नाही अशा चेहऱ्याने उभी असतात. एका माजी सरपंचांना बोट जरा उशिरा झालं तर ते रागावून घरी गेले. मग त्यांना आणायला एक भावी सरपंच गेले. तेही परत आले नाहीत.

आबांनी मला बोट केलं. निवेदकाने लगेच माइकवरून जाहीर केलं, "पुण्याहून खास आपल्या यात्रेसाठी आलेले!" मी तीन गावं ओलांडून स्कूटरवर आलो होतो. माझा शाल, श्रीफळ आणि फेटा देऊन सत्कार झाला. मग देणगीदारांचा झाला. मग कुस्तीच्या पंचांचा, मंडपवाल्याचा, जनरेटर देणाऱ्याचा, आणि सगळ्यांचे सत्कार करून दमलेल्या अध्यक्षांचा. पडद्यामागे ढोलकीवाला मधूनच शाईवर थाप मारून बघायचा. थाप पडली की ट्रॉल्यांवरून शिट्ट्या यायच्या, आणि निवेदक म्हणायचा, "फक्त दोन मिनिटं." एवढं बोलून तो एक शेर म्हणायचा. पावणेदहाला बंदोबस्ताच्या हवालदारांचा सत्कार झाला. त्यांनीही फेटा बांधून घेतला.

त्यानंतर पडदा उघडला. गण झाला. गवळण रंगात आली, तमाशातल्या मावशीने पहिला टोमणा मारला आणि मागे झाडावरचा एकजण हसता हसता खाली आला. इतक्यात हवालदार फेट्यासकट उठले आणि त्यांनी घड्याळ दाखवलं. दहा वाजले होते. दहानंतर स्पीकर बंद.

"अहो, आत्ताच तर सुरू झालं," अध्यक्ष म्हणाले.

"आठाचं छापलंय की तुम्ही," हवालदार म्हणाले. "मी काय करू?"

लोक उठले. नारळ काखेत मारून मी आबांबरोबर स्कूटरकडे निघालो.

"आबा, पुढच्या वर्षी सत्कार वेगळे ठेवा. आदल्या दिवशी उरकून टाका."

"इचार केलाय सर, मीटिंगमदी. पर नुसत्या सत्काराला मानूस येत नाय."

"मग?"

"मग आदल्या दिशी बी एक तमाशा ठिवायचा, असं ठरलंय."